मिश्रीच्या डबीतल्या गोळ्या

जिजी, तुम्ही मला विसरला असाल, हे धरूनच बोलते. जिवंतपणी तरी माझं नाव तुमच्या तोंडात कुठे बसलं होतं? मला हाक मारायची तर आधी मोठ्या जावेचं नाव यायचं, मग नणंदेचं, मग गोठ्यातल्या म्हशीचं, आणि सगळ्यांत शेवटी मी. म्हैससुद्धा मान वळवून बघायची. तर मी ती, तुमची धाकटी सून, म्हशीनंतरची. मला लिहिता येत नाही हे मात्र तुम्हाला आठवत असेल, कारण तुम्हालाही येत नव्हतं. मी बोलतेय आणि नात लिहितेय. ती शहाद्याला कॉलेजात जाते. माझी अहिराणी पुस्तकातल्या मराठीत बसवून घेते आणि म्हणते, आजी, पत्र असंच लिहितात. लिहो बापडी. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आले, जिजी. मोठेपणाच्या हिशेबाने आता मीच तुम्हाला अगंतुगं करावं. पण जीभ वळत नाही, आणि तुमच्याशी बोलायला बसले की हात अजून डोक्यावरच्या पदराकडे जातो.

बोलायचं कारण तुमचा लेक. तुमच्याकडे यायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे. ऐंशीला टेकलेला माणूस, गुडघे उठताना कुरकुरतात, जांभई दिली तर आत चार दात आणि बाकी अंधार, आणि म्हणे वय हळू करायचं. हसू नका. तुमचाच आहे.

तुम्हाला आठवतं ना, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा तर आसपासच्या गावचे लोक ह्यांना सोबत न्यायचे. व्यापारी म्हाताऱ्या घोड्याला तेल चोळून, आयाळीला काळी मेंदी लावून, ढोलावर नाचवून उभा करायचा. हे त्या नाचाकडे बघायचेही नाहीत. सरळ पुढे जाऊन घोड्याचा ओठ वर करायचे, दात बघायचे आणि म्हणायचे, आजोबा आहेत हे, घरी न्या, आराम करू द्या. एकाही व्यापाऱ्याला त्यांना फसवता आलं नाही. त्याच यात्रेत, त्याच माणसाला, यंदा एका फोनने फसवलं. तुमच्या थोरल्या लेकाचा मुलगा सुरतेहून आला होता. चहाच्या टपरीवर बसून त्याने काकांना दाखवलं, परदेशात कोट्यधीश लोक साखरेच्या आजाराची गोळी खातात, अंगात साखर नसताना. का, तर म्हातारपण लांबतं. तो स्वतःही खातो, त्याचे मित्रही खातात. ह्यांनी विचारलं, वय थांबतं का? तो म्हणाला, थांबत नाही काका, हळू होतं. वय म्हणजे काय केळीचा ट्रक आहे, नाक्यावर हात दाखवला की हळू व्हायला? पण ज्याने आयुष्यभर घोड्यांचे ओठ उचलले, त्याने पुतण्याचा ओठ काही उचलून बघितला नाही.

मला हे कळलं ते वासावरून. तुमची मिश्रीची डबी आहे ना, झाकणाला पोचा आलेली पितळेची, ती ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात दिसायला लागली. मला वाटलं, म्हातारपणी मिश्री लावायला लागले की काय, लावायला दात तरी कुठे आहेत. धुवायला सदरा घेतला तेव्हा उघडून बघितली, तर आत पांढऱ्या लांबट गोळ्या. नाकाजवळ नेली आणि ओळखली. तापीच्या काठचा ओला गाळ उन्हात तापला की येतो तसा वास. अक्षर येत नसलं तरी ही गोळी मला अंधारात ओळखू येते, कारण साखरेसाठी मी ती वर्षानुवर्षं खातेय. हो जिजी, मलाही साखर आहे. तुमच्याकडून दागिना एकच आला, तो मोठ्या जावेला गेला. साखर मात्र मला मिळाली, मी तर तुमच्या रक्ताचीसुद्धा नाही.

मी ह्यांना विचारलं, ही तर माझी गोळी, तुमच्याकडे कशी? तर म्हणाले, मेडिकलमधून आणली, तुझ्यासाठी म्हणून सांगितलं. म्हणजे तरुण व्हायचं ह्यांना आणि खोटं माझ्या नावावर. मी म्हटलं, अहो, ह्या गोळीत तारुण्य असतं तर इतक्या वर्षांत मी गरब्याला गेले असते. माझ्याकडे बघा. जिना चढता येत नाही, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचा काढून झाला, हनुवटीवर तुमच्यासारखे केस आले. हीच का ती गोळी? तर तुमचा लेक मला समजावतो, तू आजारासाठी खातेस, मी तब्येतीसाठी खातो, फरक आहे. मोठं शास्त्र सांगितलं. मी काय बोलणार, मी तर आजारी माणूस.

पण मला राग आला तो ह्याचा नव्हता, जिजी. राग आला तो डबी तुमची होती म्हणून. तुमच्या पायात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट घुसला होता, एवढीशी जखम. तुम्ही हळद भरली, चिंधी बांधली आणि कामाला लागलात. तुम्हाला पाणी किती लागायचं, तुम्ही लघवीला जिथे बसायच्या तिथे मुंग्या का यायच्या, हे आम्ही बघत होतो आणि कुणाला काही कळत नव्हतं. अंगठा काळा पडला. ह्यांनीच तुम्हाला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत नेलं होतं, धुळ्याला न्यायला. तुम्ही त्यांच्या मानेला धरून विचारत होता, बाळा, रसाचे आंबे उतरवले का. धुळ्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा आम्ही ऐकलं की माणसाच्या रक्तात साखर होते आणि तिच्यावर गोळी असते. तोवर उशीर झाला होता. आणि ज्याच्या पाठीवर तुम्ही होता तो माणूस आज तीच गोळी, तुमच्याच डबीत घालून, शेंगदाण्यासारखी खिशात घेऊन फिरतो. ह्याला काय म्हणावं? गावात लग्नाचं जेवण झालं की लोक बडीशेप खातात, तसं.

गोळीने व्हायचं ते झालं. पोट बिघडलं. तोंडाला सारखी लोखंडाची चव, जेवण जाईना. अंग उतरलं तर म्हणतात, बघ, चरबी जातेय. गळ्याची कातडी लोंबायला लागली ती कुणाची, माझी? सदऱ्याच्या बाह्या हलायला लागल्या. रोज तापीच्या पुलावर फिरायला जातात, ते मध्येच कठड्याला धरून उभे राहायला लागले. गावातलं कुणी विचारलं तर सांगायचे, पाणी बघतोय.

मग आखाजी आली, नातीच्या पुस्तकातली अक्षय तृतीया, पितरांना जेवू घालायची. तुमचा दिवस. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, मी अजून पोळ्या खापरावरच करते, जिजी, गॅसवर नाही. अंगणात चूल पेटवते, खापर उपडं घालते. तुम्ही शिकवलेलं विसरले नाही, पोळी हातांवर अशी पातळ झेलायची की तिच्यातून खालचं कोपर दिसलं पाहिजे. पहिल्या वर्षी माझी पोळी फाटली तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हता. बोलला ते दुसऱ्याच गोष्टीवरून. नव्या नवरीला कौतुक असतं, मी दाराआडून बघत होते की हे किती पोळ्या खातात. तुम्ही माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाला होता, "जेवनारना ताटकडे दखू नको. खानाराले नजर लागस." तेव्हापासून मी कधी ह्यांच्या ताटाकडे बघितलं नाही. वाढायचं, वळायचं, परत वाढायचं.

यंदा बघितलं. निखाऱ्यांवर तुमची आगारी टाकली, पोळीचा घास, रस, तूप. भप्‌ करून जाळ उठला, म्हणजे तुम्ही जेवलात. तुमची भूक अजून चांगली आहे. ज्याने आगारी टाकली तो मात्र पानावर बसला, दोन घास खाल्ले, तिसरा हातातच ठेवला. घरात पाहुणे, सुरतेचा पुतण्या समोर, आणि हे म्हणतात, "माले भूक नही." मेलेली माय जेवली आणि जिवंत लेकाला भूक नाही. माझ्या आयुष्यात असं ताट मी बघितलं नव्हतं. तुमच्या सांगण्यावरून बघतच नव्हते म्हणा.

पाहुणे गेल्यावर मी बोलले. मी म्हटलं, मरायचं नाही म्हणून मरताय. घोडा असता तर तुम्हीच म्हणाला असता, हा यात्रेपर्यंत टिकत नाही. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "माले आखो जगनं शे." आणखी जगायचं आहे. लहान पोराने आणखी एक लाडू मागावा तसं. मला दया यायला हवी होती. आली नाही. मी आत गेले, माझ्या गोळ्यांचं पाकीट आणलं आणि त्यांच्या डबीशेजारी ठेवलं. म्हटलं, घ्या, माझ्याही तुम्हीच खा. ज्याला साखर नाही तो खाणार असेल, तर जिला आहे ती आजपासून खाणार नाही. घरात एकच जण तरुण झाला तरी पुष्कळ.

नात रडली, तिच्या आईने हात जोडले. मी ऐकलं नाही. खाटेवर पडून राहायला लागले, पाणी जास्त मागायला लागले. हे पहिल्या दिवशी फणकारले, काय करायचं ते कर म्हणाले. पण रोज सकाळी मला जाग यायची तेव्हा हे माझ्या पायाशी बसलेले असायचे. चष्मा लावून माझे तळवे बघत. बोटांच्या मधल्या फटी उघडून बघत, जसे घोड्याचे दात बघायचे तसे. जखम आहे का, काळं पडलं का, बघायचे आणि पांघरूण सारखं करून उठायचे. मी डोळे मिटून पडून राहायचे. त्या वेळी मला कळलं, जिजी, की तुम्हाला पाठीवरून उतरवलं असं आपल्याला वाटत होतं, त्यांनी उतरवलंच नव्हतं.

एका सकाळी तांब्या आणि माझी गोळी घेऊन आले. म्हणाले, घे. मी म्हटलं, तुम्ही डबी टाका, मग घेते. तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "तू नही ऱ्हायनी ते मी जगीसन काय करू?"

मी म्हटलं, "मंग त्या गोया कसाले खातस?"

मग त्या गोळ्या खायच्या कशाला, हे पुतण्याने काही सांगितलं नव्हतं. फोनमध्येही नसावं. त्याच दिवशी आम्ही दोघं शहाद्याला डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने ह्यांचं रक्त तपासलं, वजन बघून कपाळाला हात लावला. सांगितलं, बाबा, साखर असणाऱ्याला ही गोळी चांगली आहे. साखर नसणाऱ्याचं आयुष्य हिने वाढतं का, हे अजून कुणाला पक्कं माहीत नाही, आणि तुमचं तर जेवण तुटलंय. बंद करा. घरी आल्यावर ह्यांनी डबी रिकामी केली. मी ती चिंचेने घासून तिच्यात वेलदोडे भरून ठेवलेत, वास जात नाही तो नाही. त्या दिवशी हे भरीत-भाकरी पोटभर जेवले. मी समोर बसून जेवले आणि ताटाकडे बघितलं नाही.

शहाणपण आलं असं समजू नका. आता पुतण्याने सांगितलंय की एका पायावर उभं राहिल्याने माणूस पुष्कळ जगतो. रोज सकाळी अंगणात बगळा उभा असतो, एक हात भिंतीला.

नात विचारतेय, आजी, पाठवायचं कसं? पत्ता काय? तिला वाटतं पुढच्या आखाजीला आगारीत टाकावं, जाळ उठला की पोचलं. पण आगारी टाकतो तुमचा लेक, आणि त्याला वाचता येतं. कागद दिसला की आधी वाचेल. ते नको, कारण एक गोष्ट त्यांना माहीत नाही, तुम्हालाच सांगते. पोरी, हेही लिही, हसत काय बसलीस? गोळी मी एकही दिवस सोडली नव्हती. दुसरं पाकीट दादर ज्वारीच्या पिठाच्या कोठीत लपवलेलं होतं. रोज भाकरीचं पीठ घ्यायला जायचे आणि खाऊन यायचे. गोळी सोडायला मी काय वेडी आहे? ह्यांना हसता हसता माझ्या लक्षात आलं, जिजी, की मलाही आखो जगनं शे.

म्हणून हा कागद उशीखाली राहू दे. आणि तुम्ही तिकडून बोलावणं पाठवायची घाई करू नका. मेलेल्या माणसाने स्वप्नात दिलेलं खाऊ नये म्हणतात, तेव्हा सध्या स्वप्नात येऊ नका, आलात तर रिकाम्या हाताने या. वेळ झाली असं तुम्हाला खरंच वाटेल तेव्हा खापरावरची पोळी पाठवा, मी काही न विचारता खाईन. फक्त दोन पाठवा, तुमचा लेक एकटा जेवत नाही. रस एकाच वाटीत चालेल.