चाळीस किल्ल्यांची वाटी

१५ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. दसरा.

करामतचाचांनी वाटी दिली! मी मागितली नव्हती. अल रय्यानला त्यांच्या इराणी रोटीच्या भट्टीवर नेहमीसारखा गेलो. फळीवर तांब्याची वाटी दिसली — आत अरबी अक्षरं कोरलेली, काठाला पत्र्याच्या बारीक किल्ल्या ओवलेल्या. छान आहे म्हटलं, एवढंच. मी बाळकृष्णाला स्टीलच्या पेल्याने अंघोळ घालतो हे त्यांना माहीत आहे. देव रांगतं मूल कसा असतो, हे मागेच खोदून खोदून विचारून झालंय त्यांचं.

चाचांनी लगेच वाटी उतरवली. "तुम्हारी है." मी संकोचलो. पुन्हा पुढे केली. कोणी दोन्ही हातांनी दिलेलं नाकारायचं नाही, असं आईने शिकवलेलं. कपाळाला लावून घेतली.

१६ ऑक्टोबर

आज बाळकृष्णावर त्या वाटीनेच पाणी घातलं. किल्ल्या किणकिणल्या. मोजल्या — चाळीस.

२२ ऑक्टोबर

काहीतरी बिनसलंय. चाचा फारसं बोलले नाहीत. गल्ल्यावर त्यांची बायको, जैतूनचाची, बसली होती. सारखी रिकाम्या फळीकडे बघत होती. मास्कच्या वर नुसते डोळे — राग की रडू, कळेना.

२४ ऑक्टोबर

स्टेडियमच्या रेलिंगचा ट्रक दोन तास उशिरा. सगळ्यांना घाई आहे, ट्रकला नाही. गोडाऊनच्या दारात बसल्या बसल्या रहमानला वाटीची गोष्ट सांगितली. हा आमचा ड्रायव्हर, खेडचा. बारा वर्षं इराण्यांच्या शेजारी राहतोय. हसतच सुटला.

"घेऊन आलास? अरे खुळ्या, तारोफ तो त्यांचा!"

म्हणजे म्हणे रीत. आपण वस्तू वाखाणली की ते देऊ करतात. आपण तीनदा नको म्हणायचं. मग वस्तू जागेवर, मान दोघांचा राहिला. शर्ट चांगला आहे म्हणालास तर बटणं सोडायला लागतील, म्हणाला.

पुढचं ऐकून मात्र मी गार झालो. चाळीस किल्ल्यांची वाटी बाळंतिणीची असते. दहाव्या दिवशी आई आणि बाळाच्या डोक्यावर तिनेच पाणी घालतात. आणि चाचांच्या मुलीचे दिवस भरत आलेत! पन्नाशीला आलो, एवढं कळू नये?

२८ ऑक्टोबर

ठरत नाही. वाटीतली अक्षरं कुराणातली, असं रहमान सांगतो. मी तर तिने देवाला न्हाऊ घातलं. ते त्यांना चालेल? आणि देवासाठी मिळालेलं परत न्यायचं, हे देवाला चालेल?

पुन्हा स्टीलचा पेला काढला. क्षमा मागितली. कोणाची, ते नीट कळलं नाही.

१ नोव्हेंबर, एकादशी

वाटी धुतली, स्वच्छ फडक्यात बांधली, नेऊन दिली. बाळकृष्णाचंही लपवलं नाही.

"नहीं, तुम्हारी है." मी नको म्हटलं. "रख लो." नको. "मेरी कसम, ले जाओ." नको! तीन झाले. मी मनात मोजत होतो.

चाचांनी हात पुढे केला. मग वाटी घेतली. फळीवर नाही ठेवली, गल्ल्याखाली सरकवली.

रहमान म्हणाला, खलास, सुटलास. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१२ नोव्हेंबर

चाचांना काल नात झाली. खजुराचा डबा पुढे केला. मी तीनदा नको म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला. आता काय चुकलं?

२१ नोव्हेंबर

फुटबॉलच्या विश्वचषकाला बरोबर एक वर्ष उरलं म्हणून गोडाऊनमध्ये केक कापला. संध्याकाळी भट्टीवर गेलो. चाची एकटीच होती. तिने गल्ल्याखालून वाटी काढली — माझ्याच फडक्यातली, गाठही न सोडलेली.

नातीची दहाव्याची अंघोळ झाली म्हणाली. नव्या भांड्याने.

"दो साल पहले इसी से नहलाया था. लड़का था. महीना भर रहा."

कुराणातल्या आयती कोरलेल्या, म्हणून टाकता येत नाही. घरात बघवत नाही. मुलगी पुन्हा बाळंत व्हायच्या आत वाटीला चांगलं घर मिळावं, म्हणून चाचा कधीपासून शोधात होते.

"तुम्हारा बच्चा तो रोज नहाता है, भाई. वैसा ही रहता है. उसके पास रहने दो."

मी एकदाही नको म्हटलं नाही.