हापशाची जागा

माझ्या धाकट्या एनेलेसीला, शहरातून ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. इथली नसिमा, म्हणजे मक्याची उकड, फार पांढरी नि बेचव, पण चहात साखर भरपूर. तुझा गुडघा कसा आहे? नातवंडं रडत नाहीत ना?

आज हापसे बसवणाऱ्या संस्थेची बैठक झाली. बिनपगारी राबणारी भली माणसं आहेत, पण हापशाची जागा त्यांनी नकाशावर बघून ठरवलेली, नेमकी आपल्या स्मशानातल्या झाडीत. म्हणे, "मोकळी जागा, छान सावली." गावच्या मुखियांनी मला बजावलं होतं, "आजी, नुसते आभार मानून ये, नाहीतर हापसा दुसऱ्या गावाला जाईल." तरी मी म्हटलं, "बाबांनो, तिथे आमची आई निजली आहे. तिच्या उशाशी बायकांनी घागरींवरून भांडायचं का?"

वाटलं, गेला हापसा.

मग त्यांच्यातल्या चिसाले बाई म्हणाल्या, "मग कुठे खणायचं, आजी? आत्ताच सांगा, यंत्रवाले थांबणार नाहीत."

मी आपलं शेत सांगितलं, एनेलेसी. आईने दोघींना दिलेलं. तुला विचारायला वेळच नव्हता. यंत्र सोमवारी येतंय. त्याआधी तुझा भुईमूग उपटून घे. शिव्या मी आल्यावर दे, हापशावर उभी राहून दे.

तुझीच,
लोझेताताई