गॅरेजमधली ऊब

५ मे, अप्पर हट, न्यूझीलंड

पोचले एकदाची. विमानतळावर कस्टम्सच्या बाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून वास घेतला आणि हे काय म्हणून विचारलं. सुनेच्या बाळंतपणासाठी, असं सांगितल्यावर हसून परत दिला. सुरुवात चांगली झाली.

ऋचाला जुलैच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे हे बाळंतपण माझ्याकडे. घर लाकडी, पांढरं, मागे डोंगर. चपला काढायच्या आत क्षितिजने मला गॅरेजमध्ये नेऊन नवी खरेदी दाखवली: साठ वर्षांपूर्वीची हिरवी इंग्रजी गाडी. तिचं नाव लिहीत नाही, घरात दिवसभर तेच ऐकू येतं. मुलगा खुशीत आहे, सून गोड आहे, हवा स्वच्छ आहे. मी विणलेली टोपडी आणि मोजे ऋचाने पोटावर मांडून पाहिले. फार बरं वाटलं.

१२ मे

घर ओलं आहे. सकाळी खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळतं. ऋचाच्या पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी आलीय आणि ती रात्रभर खोकते. घरात हवेतली ओल ओढणारं यंत्र आहे. एकच. ते गॅरेजमध्ये गाडीजवळ चालू असतं, सोबत हीटर.

क्षितिजला विचारलं. म्हणाला, हिवाळाभर गाडी उभी ठेवायची तर दमट हवा चालत नाही, पत्रा गंजतो. ऋचा गंजत नाही का, असं मी विचारलं. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

१९ मे

गाडीत उंदरांच्या लेंड्या. इथे थंडी पडली की उंदीर गाड्यांत शिरतात, वायरी कुरतडतात, सीटच्या भुशात घर करतात. आमच्या चिरंजीवांनी तर त्यांना आमंत्रणच दिलेलं. गाडीची पूजा केली तेव्हाच्या अक्षता सीटांच्या फटीत तशाच, नारळाचे तुकडे पायाखालच्या चटईवर, झेंडूचा हार आरशाला. इंजिनियर आहे हा मुलगा.

शेवटी मीच पदर खोचला. सगळी गाडी झाडली. धुराच्या नळीत तारेची घासणी कोंबली, पेपरमिंटच्या तेलाचे बोळे ठेवले, भिंतीकडेने सापळे लावले. शेजारच्या व्हेटूबाईंनी सापळ्याला पीनट बटर लावायला शिकवलं. यंदा उंदीर हीप्स आहेत म्हणाल्या, म्हणजे ढिगाने.

१ जून

गॅरेजमधले सापळे रिकामे. स्वयंपाकघरात मात्र उंदीर झालेत. काल भरदुपारी दोन उंदीर गॅरेजच्या दाराखालून घरात पळत आले. मी दारातच उभी असूनही थांबले नाहीत. एवढे कशाला घाबरले होते कोण जाणे.

बाळाचं एक टोपडं सापडत नाही. ऋचा म्हणते उंदराने नेलं असेल.

९ जून

टोपडं सापडलं. गाडीच्या मागच्या सीटवर. लोकर कुरतडून, पिंजून त्याचं घरटं केलंय. त्यात मोजे आहेत, माझ्या शालीची कड आहे. काचा वर, दारांना कुलूप, फटी मी स्वतः बुजवलेल्या.

आणि हे घरटं कपड्यांच्या टोपलीएवढं आहे. मी व्हेटूबाईंना बोलावून दाखवलं. उंदराचं घरटं मुठीत मावतं, एवढंच त्या म्हणाल्या आणि गॅरेजबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. क्षितिजची मान मोबाइलमध्येच. उंदीरच गं आई, म्हणे. सगळं उचलून कचऱ्यात टाकलं. मी काय काल जन्मले आहे?

१६ जून

यंत्र आणि हीटर दोन्ही ओढत ऋचाच्या खोलीत आणले. क्षितिज ओरडला, मी दुप्पट ओरडले.

उपयोग नाही. भिंतीवरचं पाणी वाढलंच, यंत्राची टाकी मात्र कोरडी. म्हणून गॅरेजमध्ये गेले. तिथे श्वासाची वाफ दिसत होती, पण गाडीचं दार उघडलं तर आत ऊब. सीटला हात लावला. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी गरम. इंजिन बंद. बॅटरी तर काढून फडताळात ठेवलेली आहे.

घरटं परत तयार होतं. आणखी मोठं. मधोमध खोलगट जागा, उशीसारखी दाबून बसवलेली. मूल ठेवायला करतात तशी.

मला भीती वाटत नाही. संताप येतो.

२२ जून

ऋचा पलंगावर नव्हती. गाडीत होती, मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपलेली. गाल लाल, खोकला नाही. ओढून उठवलं तर माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

"आई, आत ऊब आहे," ती म्हणाली. "बाहेर कशाला राहायचं?"

ओठाला लोकरीचा धागा चिकटला होता. मी तो काढला. आतून ओढावा लागला.

क्षितिजला सांगितलं. म्हणाला, झोप लागते ना तिला, मग झालं. पोटच्या पोराला थोबाडीत मारायची वेळ या वयात आली. मारली.

२६ जून

गाडीच्या दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. ऋचा तरी आत. कशी, विचारू नये — कुलूप मी हाताने ओढून पाहिलं होतं.

भंगारवाल्याला फोन करून बोलावलं. क्षितिजने मागाहून नको म्हणून कळवलं. आज ऑफिसला गेला नाही. पुढच्या सीटवर बसून आहे. जबडा हलतोय. जेवायला हाक मारली तर —

घरात आता एकही उंदीर नाही.

२९ जून

ऋचाला कळा. गाडीच्या काचेतून दिसतंय. घामाघूम, आणि हसते आहे.

मिडवाइफला फोन केला. ताबडतोब हॉस्पिटलमध्ये आणा म्हणाली, मीही निघते म्हणाली. कशी आणू? दार आतून धरलंय. माझ्या मुलाने. नालायक.

माझं नातवंड त्या घरट्यात जन्मणार नाही. हातोडा घेतलाय. काच फोडून दोघांना —

नंतर

फोडावी लागली नाही. दार उघडं होतं. वही स्वेटरच्या खिशातच राहिली म्हणून लिहिते.

ऋचाचा दंड धरला. ओढायला जोर हवा म्हणून एक पाय आत टाकला —

कोरडं आहे इथे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हाडं शेकली. पाठ दुखत नाही.

हातोडा कुठे — बाहेर राहिला. आणते. आत्ता उठते.

बाहेर कोणी हाका मारतंय. मिडवाइफ असेल. काचेवर हात आपटते. ओ द्यायला हवी. दार क्षितिजने लावून घेतलं. शहाणा माझा.

मी कोणावर तरी चिडले होते. कोणावर — आठवत नाही, आणि आठवायला —

ऋचा म्हणते जागा अजून मऊ हवी, वेळ थोडा आहे. स्वेटर काढलाय. बाही सोपी, शिवणीपासून सुरू करायची. लोकर हाताने तुटत नाही. पुढच्या दातांत धरून मान हलवली की छान बारीक