बँकेने नापास केलेल्या कविता

आदरणीय दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकलो आहे असं समजा. खरोखर वाकलो तर पुढचं पत्र कोण लिहिणार?) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचं पथ्य चालू आहे, की दोघं मिळून डॉक्टरांच्या डोळ्यांत धूळ फेकताय? कानाचं यंत्र तुम्ही घेतलंत हे कळलं, आणि ते कपाटात डबीत जपून ठेवता हेही कळलं. म्हणून फोन न करता पत्र लिहितो. मागच्या खेपेला फोनवर मी घसा फोडून सांगत होतो की हिची तब्येत फार बिघडली आहे, आणि तुम्ही पलीकडून "वा वा, छान, असंच असू द्या" म्हणत होतात. तुमचा आशीर्वाद फळला, दादा. असंच आहे.

तर पहिल्यापासून सांगतो. ही विसरते. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, गॅस असं किरकोळ विसरायची, आणि ते आपण सगळेच विसरतो. मग दिवस विसरली, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं, पण ते नेमकं मलाच आठवत नाही. घरातला सगळा यांत्रिक कारभार हिच्याकडे होता हे तुम्ही जाणताच. जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत तारा जोडल्या, त्यामुळे मोबाइल हातात आला तेव्हा तिला तो नवा वाटलाच नाही, तारा काढून टाकलेलं जुनंच काम वाटलं. वीज, पाणी, औषधं, सगळी बिलं ती बसल्या जागी बोटाने भरायची. मी शेजारच्या खुर्चीत कविता म्हणत बसायचो. ती "हं" म्हणायची. आमचा संसार असा दोन खुर्च्यांवर अगदी व्यवस्थित चालला होता.

माझं यंत्रज्ञान म्हणाल तर ते चष्म्याच्या काचेपलीकडे कधी गेलंच नाही. आमच्या दुकानात डोळे तपासायला भिंतीवर अक्षरांचा तक्ता असायचा. एका ओळीत क, दुसरीत म आणि र, असला तो कोरडा प्रकार मला बघवेना. मी तो काढून तिथे शाळेतली एक कविता रंगवून घेतली. पहिली ओळ ठळक, मग खाली खाली बारीक होत जाणारी. वाटलं, नंबरही निघेल आणि गिऱ्हाइकाचं मनही प्रसन्न होईल. झालं असं, की ज्यांना ती कविता पाठ होती त्यांनी डोळे मिटले तरी खालपर्यंत म्हणून दाखवली आणि ते बिनचष्म्याचे घरी गेले. एक हेडमास्तर तर माझ्याकडून "नजर उत्तम" असा निर्वाळा घेऊन बाहेर पडले आणि समोरच्या खांबावर आदळले. दुकान पुढे का मिटलं हे तुम्ही मला अनेकदा विचारलंत. आता अंदाज आला असेल. सांगायचा मुद्दा, माझ्या खात्यात कवितांखेरीज काही नाही. घर चालतं ते हिच्या पेन्शनवर, आणि ते खातं हिच्या एकटीच्या नावावर आहे.

आता हिला सांभाळायला एक बाई येतात. हाडाच्या चांगल्या, जिभेच्या तिखट. ही त्यांच्याखेरीज कुणालाही केसांना हात लावू देत नाही. मी फणी घेऊन गेलो की उशी छातीशी धरून भिंतीला टेकते. त्या बाई एका संस्थेकडून येतात, आणि संस्थेला पगार मोबाइलवरूनच लागतो. पुढचा पगार गेला नाही तर बाईंना दुसऱ्या घरी पाठवणार, असा संस्थेचा निरोप आला. बाई मला म्हणाल्या, "काका, मला इथून जायचं नाही. तेवढं बँकेचं बघा. कविता नंतर म्हणा."

बघितलं, दादा. आधी हिची सही घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि हळूच म्हणाल्या, "काका, ही सही जुळत नाही." जुळणार कशी? हिने माहेरचं नाव लिहिलं होतं, तुमचं आडनाव, वळणदार अक्षरात. कागदावर माझा कुठे मागमूस नव्हता. ती त्या दिवशी लग्नाआधीच्या काळात जाऊन बसली होती आणि तिथे मी अजून पोचलेलो नव्हतो. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. बाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, मोबाइलवरून करा, सोपं असतं.

सोपं! त्या यंत्राला एक आकडा पाठवायची खोड आहे. तो येतो, आपण चष्मा शोधतो, चष्मा डोक्यावर सापडतो, तेवढ्यात आकडा शिळा होतो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात, "तुमची वेळ संपली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा." हे वाक्य लिहिणाऱ्याचा पुनर्जन्मावर गाढ विश्वास असला पाहिजे. मला तर पहिल्या वेळी घाम फुटला. बाईंना हाक मारली, तर त्या कणीक मळत्या हाताने आल्या, वाचलं आणि म्हणाल्या, "तुमची नाही हो, त्या आकड्याची संपली. तुमची संपली की मी सांगेन."

एकदा मात्र आकडा वेळेत पोचला आणि पुढचं दार उघडलं. तिथे एक प्रश्न होता. खातेदाराने स्वतःच घालून ठेवलेला, खातरजमेसाठी. प्रश्न असा: तुमची आवडती कविता कोणती?

दादा, माझे डोळे भरून आले. इतक्या प्रश्नांतून हिने हाच निवडावा! बँकेच्या त्या रुक्ष रानात एकदम मोगरा फुलल्यासारखं झालं. मी खुर्ची पुढे ओढली, हात पुसले, आणि साखरपुड्यानंतर गच्चीवर हिला ऐकवलेली, नदीला सांगावा धाडणारी कविता लिहिली. उत्तर चुकीचे. ठीक आहे, म्हटलं, मग ती पाखराची असणार, हिच्या पूर्वीच्या एका आजारपणात मी उशाशी म्हणायचो ती. उत्तर चुकीचे. मग तुटलेल्या ताऱ्याची, मग सैनिकाच्या आईची. ती कविता गाताना तर मीच रुमाल काढायचो आणि ही उठून आत जायची. (मला वाटायचं रडायला जाते.) उत्तर चुकीचे. समीक्षकांनी कुणाला इतक्या कमी शब्दांत कधी झोडपलं नसेल. शेवटी पडद्यावर कुलूप आलं. खातं बंद.

पुन्हा बँकेत गेलो. त्याच बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, एकच वाट आहे, मी तुमच्या घरी फोन करते, काकूंनी स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं. मी हरखून घरी आलो. पण मधे एक अडचण होती ती तुम्हाला सांगायला हवी. ही मला ओळखत नाही. मी तिच्या लेखी चष्म्याच्या दुकानातला माणूस आहे, नंबर तपासायला आलेला आणि जरा जास्तच वेळ रेंगाळलेला. बोलते अदबीने. पण संध्याकाळ झाली की चुळबुळ सुरू होते. "आता तुम्ही निघा हं. आमच्या घरचे येतील, बरं दिसत नाही." मग मी पायात चपला घालतो, नमस्कार करतो, पुढच्या दाराने जिना उतरतो आणि इमारतीला वळसा घालून मागच्या जिन्याने स्वयंपाकघरात येतो. बाई दार उघडतात आणि म्हणतात, "या, फिरणं झालं तेवढंच."

तर फोन आला. मी हिच्या हातात दिला. फोन हातात आला की हिचा आवाज अजूनही कचेरीतला होतो, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. बँकेच्या बाईंनी प्रश्न विचारला. हिने माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि ताठ बसून म्हणू लागली:

नको गुप्त संकेत सांगू कुणाला,
जरी सोयरा तो तुला भासलेला;
पुसे लाडिगोडीत जो नावपत्ता,
न देई तयाला कधी थांगपत्ता!

दादा, हा श्लोक माझा आहे. फसवणुकीचे फोन फार यायला लागले तेव्हा मी तो रचला आणि हिच्याकडून घोकून घेतला होता. (पत्त्याला पत्ताच जोडला आहे, यमक कच्चं आहे, मान्य.) शेजाऱ्यांची नावं गेली, दिशा गेल्या, मी गेलो, आणि हे चार चरण मात्र शिल्लक राहिले. तेही माझ्यावरच रोखलेले. बँकेच्या बाई हसत म्हणाल्या, "अय्या काकू, हे कुणी केलं?" ही म्हणाली, "आमच्या ह्यांनी. ते दुकानात गेलेत. त्यांना विचारून मग सांगेन. ह्या चष्मेवाल्यांसमोर नको."

मी तिथेच उभा होतो. काय करतो? नंबर तपासल्यासारखं केलं आणि बाहेर आलो.

तेव्हा विनंती ही, की तुम्ही लवकर या. तुमच्यावर तिचा विश्वास आहे. तुम्ही विचारलंत तर ती उत्तर सांगेल, खातं उघडेल आणि बाई राहतील. वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
चष्मेवाला (सध्या तरी)

ता. क. पाकीट डकवलं होतं, पुन्हा फोडलं. वरच्या कारणासाठी येण्याची गरज उरली नाही. बँकेच्या बाईंनी आज दुपारी परत फोन केला. हिने मला "तुम्ही निघा" म्हटलं, म्हणून मी शहाण्यासारखा पुढच्या दाराने बाहेर पडलो आणि वेड्यासारखा मागच्या दाराशी कान लावून उभा राहिलो. आवडती कविता? हिचं उत्तर: "कुठलीच नाही." खातं तत्काळ उघडलं.

पुन्हा ता. क. ती एवढ्यावर थांबली नाही, हेही लिहितो, नाहीतर तुम्ही तिला दोष द्याल. पुढे म्हणाली, "पण आमच्या ह्यांना सांगू नका. त्यांना फार आवडतात. मला त्यातलं काही कळत नाही, पण म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो." बाई आतून डोळे पुसत दार उघडायला आल्या आणि मला म्हणाल्या, "आता आत या, उगाच थंडी लागेल." थंडी नव्हती.

शेवटचा ता. क. दादा, या मात्र नक्की. ती रोज खिडकीत बसून तुमची वाट बघते. कानाचं यंत्र डबीतून काढून या. ती जे बोलते ते मोठ्याने पुन्हा बोलत नाही. आल्यावर सगळं एकदम समजावून सांगू नका, हाच तुझा नवरा वगैरे तर मुळीच नको, घाबरेल. माझ्याकडे बोट दाखवून एवढंच सांगा, की हे गृहस्थ चांगले आहेत, थोडे उशिरापर्यंत बसले तरी चालेल. पुढचं माझं मी बघतो.