प्रतिकूल अभिप्राय मागे घेतो

मी, एरेनफ्रीड हासेलबाख, वय एकाहत्तर, राहणार हाले, विद्यापीठातील तर्कशास्त्राचा निवृत्त अध्यापक, ताप उतरलेला व डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आधीचे रद्द समजावे.

१. राहते घर भाची उर्सुला हिला. मागची खोली व सरपण स्वयंपाकीण बार्बे हिला हयातभर.

२. चौतीस वर्षे मी शिकवले की भावना म्हणजे धूसर विचार. विचार स्वच्छ केला की ती विरते. आमची लोर्शेन सहाव्या वर्षी देवीच्या साथीत गेली, तेव्हा पत्नीलाही हेच ऐकवले. सिबिला म्हणाली, "तुमचं डोकं स्वच्छ राहू दे. मला रडू द्या." ती भाविक घरातली, मनात काय हलले ते रोज वहीत लिहायची. प्राध्यापक ट्राउटवेटर तिच्या प्रार्थनामंडळीला 'रडूबाई मंडळ' म्हणाले, तेव्हा मी हसलो होतो. त्यांना काहीही ठेवलेले नाही.

३. त्याच वर्षी माझा शिष्य कास्पार वेंट याने एका इंग्रजी ग्रंथाचा जर्मन अनुवाद आणला. जिभेला गोडी कळते तसे हृदयाला चांगुलपण कळते, असे त्यात होते. मी म्हणालो, "पुरावा दे."

"गुरुजी, लोर्शेन गेली तेव्हा तुम्हाला पुरावा लागला का?"

मी प्रतिकूल अभिप्राय लिहिला. त्याची विद्यापीठातली नेमणूक त्यामुळे हुकली. हस्तलिखित माझ्याच कपाटात राहिले.

४. गेल्या हिवाळ्यात सिबिला गेली. मग मी तिची वही उघडली. लोर्शेनच्या महिन्यातली नोंद: "आज हे तिचा बूट हातात घेऊन खोलीत उभे होते, बराच वेळ. मी आत गेले नाही. ह्यांना सगळं कळतं, कबूल करायची लाज वाटते." बावीस वर्षे ती मला हे बोलली नाही. वाचून मी रडलो. विचार धूसर झाला नाही.

५. कास्पारला पत्राने क्षमा मागितली. त्याने कळवले, "गुरुजी, हल्ली लोक हौसेनं रडतात. माझा अनुवाद आता कोणाला हवाय?" तरीही माझी ग्रंथसंपदा विकून तो छापावा. रडण्यामागचा विचारही लोकांना कळावा. सिबिलाची वही कास्पारला द्यावी.

६. दफनाच्या वेळी लॅटिन भाषण नको. सिबिला व लोर्शेन यांच्यामध्ये जागा उरलेली नाही. त्यांच्या पायाशी चालेल.

साक्षीदार: योब्स्ट क्लिंगमान, पुस्तकबांधणीकार, लेबरेश्ट ओस्टाउ, धर्मोपदेशक. दोघांनी माझ्यासमक्ष वाचून सह्या केल्या.

सही: ए. हासेलबाख
हाले, १९ सप्टेंबर १७७२