हात वर करायचा हक्क

रविवार, ८ जून
सगळं बदललं ते आज दुपारी, चर्चमध्ये, आमच्या मराठी मंडळीच्या सभेत, पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघत मला विचारलं तेव्हा. "आपण सभासद आहात का?"

तोवर मी आहेच असं धरून चाललो होतो. बाप्तिस्मा इथलाच, पप्पा मंडळीच्या पंचांत. पण दृढीकरण, मोठं झाल्यावर स्वतः कबुली देऊन सभासद व्हायचा विधी, राहिलं. माझ्या वयाच्यांचं झालं तेव्हा मी कोईमतूरला इंजिनियरिंग करत होतो. म्हणजे करत नव्हतो.

विषय रूथच्या आईचा. सेल्वी आँटी मूळच्या इथल्या तमिळ मंडळीतल्या, लग्न करून आमच्यात आल्या. रूथचे पप्पा होते तोवर त्यांच्या नावावर सगळं चालून गेलं. आता ते नाहीत, आणि आँटी कुठल्याच मंडळीच्या सभासद नाहीत. रूथने सूचना मांडली की आईला सभासद करून घ्यावं, आणि विश्वासांगीकार, आपण काय मानतो त्याची कबुली, सगळ्यांसमोर मराठीत म्हणावा लागतो तो तिला तमिळमध्ये म्हणू द्यावा. पप्पा उठले. म्हणाले, आज एकीला सूट दिली की उद्या उपासनाच तमिळमध्ये, मग आपण वेगळे भरतो कशाला, हा हॉल तमिळ मंडळीचाच आहे, पलीकडे त्यांच्यात जाऊन बसू. मी उठून ओरडलो की ख्रिसमसला आँटींच्या हातची बिर्याणी चालते ती कशी. अजून बरंच. मग तो प्रश्न. मग "बसा".

गोंधळात सूचना पुढच्या सभेवर ढकलली.

रू. निळ्या साडीत होती. जाताना बघितलंसुद्धा नाही.

मंगळवार, १० जून
कंपनीची बस ओरगडमला पोचेपर्यंत तेच डोक्यात. बसा म्हणे.

पप्पा बोलत नाहीत. मम्मीला सांगतात, तुझ्या चिरंजीवांना विचार चटणी हवी का. चिरंजीव नको म्हणाले.

ठरलं. सभासद व्हायचं. मग बघू कोण बसवतं.

शनिवार, १४ जून
वेळचेरी स्टेशनवर रू. ऑफिसातून येईपर्यंत थांबलो. वाटलं होतं, निदान आईची बाजू घेतली म्हणून काहीतरी...

ती भडकलेली. पण आवाज न चढवता, ते जास्त लागतं. म्हणाली, ती एकेकाच्या घरी जाऊन बोलली होती, पुरेसे लोक हो म्हणाले होते, माझ्या ओरडण्याने तेच बिचकले. म्हणे माझ्या आईची बिर्याणी मी काढली नव्हती, तू काढलीस. आता सगळ्यांना वाटतंय आम्ही हिशेब मागतोय.

मी म्हटलं मी दृढीकरण घेतोय, पुढच्या सभेत मत देईन. ती म्हणाली, "माझ्यासाठी सभासद होऊ नकोस." मग मी ते दुसरंही विचारून टाकलं. प्लॅटफॉर्मवर. घाम पुसत.

"नाही, विनय. ते नाही."

गाडी आली. ती गेली. मी पुढची सोडली, त्याच्या पुढचीही.

रविवार, १५ जून
उपासनेला गेलो नाही. मम्मीला सांगितलं पोट.

गुरुवार, १९ जून
काही नाही. ओव्हरटाइम. बरं वाटतं ओ.टी.मध्ये.

रविवार, २२ जून
गेलो. मागच्या बाकावर. संपल्यावर आँटींनी गाठलंच. त्यांचं मराठी माझ्या तमिळसारखं, धावतं पण लंगडतं. मी माफी मागायच्या आत, धाकट्या भावाला म्हणावं तसं, म्हणाल्या, "तंबी, जेवलास?"

मी म्हटलं, आँटी, मी शिकवतो तुम्हाला मराठीत, म्हणून टाका, विषय संपेल. त्या हसल्या आणि तिथेच, चपला घालता घालता, अख्खा विश्वासांगीकार मराठीत म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही. नवऱ्याशेजारी उभं राहून राहून पाठ झालेला.

मग अडलं कुठे, विचारलं.

"हा त्यांचा, तंबी. मी विश्वास ठेवते तो तमिळमध्ये. सगळ्यांसमोर उभं राहून दुसऱ्याचं कसं सांगू?"

पप्पांना हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. आमचं अजून मम्मीमार्फतच.

शनिवार, २८ जून
पाळकसाहेबांकडे दृढीकरणाचा वर्ग. मी एकटाच विद्यार्थी. त्यांनी विचारलं का हवंय, मी म्हटलं मत द्यायला. म्हणाले, बरं, ते तर मिळेल, अजून काही? त्यांनी केळ्याचे चिप्स पुढे केले.

सभेत बोलायचं कसं तेही शिकवतात. अध्यक्षाकडे, म्हणजे त्यांच्याकडेच, बघून बोलायचं, ज्याच्यावर राग आहे त्याच्याकडे नाही. सराव म्हणून मला उभं करून साखर मागायला लावली. "अध्यक्षमहाराज, माझी नम्र सूचना आहे की चहात..." आतून त्यांच्या मिसेस म्हणाल्या, अनुमोदन.

शनिवार, ५ जुलै
आज पुन्हा विचारलं का हवंय. रू. नाहीच म्हणालीये, मग खरंच का? येताना बसमध्ये तेच. कॉलेजात माझं नाव होतं, मी नव्हतो. इथे उलटं आहे. एवढंच सुचलं. पुढच्या वेळी हेच सांगणार.

आँटींचं आहेच. पण ते एकटं कारण नाही.

शनिवार, १९ जुलै
उद्या उपासनेत दृढीकरण, लगेच सभा. आमच्यात पाळक एकटे कुणाला आत घेत नाहीत, शेवटचा शब्द सभासदांचा. आधी माझा विषय, मग आँटींचा. मला घेतलं तर आँटींसाठी लगेच हात वर करता येईल. नाही घेतलं तर बाहेर बसून ऐकायचं. पाळकसाहेब म्हणाले, आँटींच्या सूचनेवर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आहेत.

पप्पा इस्त्री करत होते. माझाही शर्ट केला.

रविवार, २० जुलै
पायरीवर बसून लिहितोय.

सभेत कारण विचारलं तेव्हा कॉलेजातल्या नावाचं सांगितलं, ठरवलं होतं तसं. पाळकसाहेबांनी विचारलं, उमेदवाराला कुणाचे प्रश्न? कुणी उठेना. मग पप्पा उठले. माझ्याकडे नाही, अध्यक्षांकडे बघून, रीतसर.

"अध्यक्षमहाराज, उमेदवार ज्या कारणासाठी येतोय असं सगळे म्हणतात, ते कारण उद्या नाही म्हणालं, तर उमेदवार राहील का?"

मागे कुणीतरी हसलं. रू.ने मान खाली घातली. तोंडात जे आलं होतं ते पप्पांसाठी होतं, मोठ्या आवाजातलं. पाळकसाहेब नुसते बघत होते. मी त्यांच्याकडेच बघून बोललो.

"अध्यक्षमहाराज, कारण नाही म्हणून झालंय. जूनमध्येच. तरी आलोय."

कुणी हसलं नाही. पप्पा उभेच राहिले, काही विचारायचं राहिल्यासारखे, मग खुर्ची चाचपत बसले. आँटी माझ्याकडे बघत होत्या. रू. कुठे बघत होती मला माहीत नाही, मी बघितलं नाही.

मग पाळकसाहेब म्हणाले, उमेदवाराने बाहेर थांबावं, सभासद हात वर करतील.

मी खुर्ची सरकवली. मधल्या वाटेने बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.