अर्धवट जांभळी काच

बाबा, तू पडलास. "पडलो नाही, जरा लवकर उतरलो," असं तू टॅमसिनला सांगितलंस, डॉक्टरला सांगितलंस आणि मलाही तेच ऐकवतोस. माणूस जुन्या तारायंत्राच्या खांबावरून पाठीवर येतो आणि मेंढरं हुडकायला आलेल्या शेजाऱ्याला दिसेपर्यंत माळावर तसाच पडून राहतो, त्याला उतरणं म्हणत नाहीत. फोनवर तू मला मध्येच तोडतोस. म्हणून या खेपेस कागदावर सांगतो, आणि कागदही असा निवडलाय की तुला तो शेवटपर्यंत वाचावाच लागेल.

तर लिहून ठेवतो की, मी, ब्रोडी गार्नेट डॉलविट्झ, वय सव्वीस, मूळ राहणार पीटरबरो, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हल्ली मुक्काम न्यूमनजवळचा खाणकामगारांचा कॅम्प, काम डंपरची टायरं बदलण्याचं, हे माझं पहिलं आणि तूर्तास शेवटचं मृत्युपत्र स्वखुशीने करीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. आज बिअरसुद्धा घेतलेली नाही, खात्री हवी तर साक्षीदारांना विचारावं. शाळा मी नववीत सोडली, तेव्हा कायद्याचा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर अर्थ धरावा.

या वयात हे कसलं खूळ, असं तू म्हणशील. माझ्या शेजारच्या खोलीतला ड्रिलर सुट्टीवर जाताना संध्याकाळी हमरस्त्यावर गाडी गुराला धडकून मेला. त्याची गिटार अजून धुण्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. कोणाला द्यायची ते कोणालाच ठाऊक नाही. कपडे घ्यायला गेलं की ती दिसते. माझं सामान असं उभं राहू नये, एवढंच.

अंमलबजावणी माझी थोरली बहीण टॅमसिन हिने करावी. ती आधी ओरडेल, मग करील.

मला आईशेजारी पुरावं. भाषण कोणी करू नये, विशेषतः रेक्सकाकाने.

माझी गाडी टॅमसिनला. डावं दार फक्त बाहेरून उघडतं आणि आत कुत्र्याचा वास आहे, कुत्रा मात्र कधीच नव्हता. तिला हे चालेल.

माझी हत्यारं पेटीसकट टोंगा बेटांवरचा माझा दोस्त सेमिसी टाउफा याला. खरं तर त्याला मी साक्षीदार करणार होतो. त्याने विचारलं, "साक्षीदाराला काय मिळतं?" मी म्हटलं, "काही मिळू नये असाच नियम असतो म्हणे." तो म्हणाला, "मग सही दुसऱ्याकडून घे भावा, मला पेटी दे." त्याप्रमाणे केलं आहे.

बँकेत असेल त्याचे दोन भाग करावेत. एक टॅमसिनच्या मुलीला. दुसरा बाबाच्या खुब्याच्या ऑपरेशनला. तो पैसा दुसऱ्या कशाला, म्हणजे काचा विकत घ्यायला, वापरता येणार नाही.

आता इन्सुलेटर. टॅमसिनच्या नवऱ्याने अजूनही त्यांना फुलदाण्या म्हणू नये. तारेच्या खांबावर आडव्या दांडीवर खुंट्या असतात, त्या खुंट्यांवर बसवायच्या या काचेच्या आणि चिनीमातीच्या टोप्या. तार धरून ठेवायची आणि तिच्यातलं काहीही खांबात उतरू द्यायचं नाही, एवढंच यांचं काम. आपल्या घरात हे काम सगळ्यांनाच छान जमतं.

शेडमधल्या फळीवरच्या हिरवट काचा, तपकिरी चिनीमातीचे जोड आणि माझा लाडका पांढरा, ज्याच्या कडेवर भाजताना कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा राहून गेलाय, हे सगळं बाबाला. हे मी स्वतः जमवलेलं आहे: पडलेल्या खांबांखालून, ओढ्याच्या वाळूतून, आणि एक तर एका म्हातारीच्या कोंबड्यांचं पाण्याचं भांडं झालेला, तिला नवं भांडं देऊन. उभ्या खांबावरून मी एकही काढलेला नाही. धुताना साबण आणि जुना टूथब्रश वापरावा. तारेचा ब्रश लावणाऱ्याचा हात माझ्या शापाने वाकडा होईल.

रेक्सकाकाला माझ्याकडचा तो फुटका हिरवा द्यावा, ज्याच्या डोक्याला आधीच भोक आहे. काका इन्सुलेटरांना ड्रिलने भोकं पाडून टेबलावरचे दिवे करतो आणि ॲडलेडच्या बाजारात विकतो. याला भोक पाडायचे कष्ट वाचतील. त्याच्यावर माझा राग दिव्यांचा नाही, जांभळ्या काचांचा आहे. जुन्या बिनरंगी काचेत मॅंगनीज असलं की ती वर्षानुवर्षं उन्हात राहून हळूहळू जांभळी होते. काकाने साध्या काचा कुठेतरी नेऊन यंत्राच्या किरणांखाली धरल्या, आठवड्यात शाईसारख्या करून आणल्या, आणि टाउन हॉलमधल्या आपल्या काचा जमवणाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात उन्हाने पिकलेल्या म्हणून खपवल्या. तू तिथे सख्ख्या भावाला चारचौघांत काही बोलला नाहीस. जिने त्यातली एक घेतली होती त्या बाईला बाहेर गाठलंस, खरं काय ते सांगितलंस आणि तिने मोजलेल्याच किमतीला ती काच स्वतः घेतलीस. शेडमध्ये ती अजून पालथी ठेवलेली आहे. तुझ्याबद्दल मला एवढंच ठाऊक असतं तरी पुरलं असतं, हेही या मृत्युपत्रात नमूद करतो.

वरील सर्व काचा बाबाला देताना एक अट आहे, आणि खरं मृत्युपत्र इथूनच सुरू होतं.

टॅमसिनचा परवा फोन आला. म्हणाली, "शिडी घासून पुसून भिंतीला लावलीय त्याने. विचारलं तर म्हणतो, रंग द्यायचाय." बाबा, आपल्या घराला रंग देऊन किती वर्षं झाली? जुन्या रेल्वेच्या कडेचं रान विकलं गेलं. नव्या मालकिणीने सांगितलंय की सप्टेंबरअखेर खांब ट्रॅक्टरने ओढून पाडणार, तोवर काचा हव्या तर घेऊन जा. बाई भली आहे. पण ते खांब आतून वाळवीने खाल्लेत, मे महिन्यात त्यातल्याच एकाने तुला फेकलं, आणि त्यांच्यावर आजोबांनी रेल्वेच्या नोकरीत स्वतः बसवलेल्या शेवटच्या काचा आहेत. मी तुला फोन करून म्हटलं, जाऊ देत. तू म्हणालास, "माझ्या बापाने वर चढवल्यात. मी खाली उतरवणार."

"खुबा मोडलाय तुझा."

"एकच मोडलाय."

"दुसऱ्या कोणाला तरी सांग."

"कोणाला सांगू? जो होता तो टायरं बदलतोय तिकडे."

मग तू फोन ठेवलास. मी जेवणघरात ताट घेऊन उभाच राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "ए, रांग चालव."

अट अशी: माझ्या पश्चात बाबाने कोणत्याही खांबावर, झाडावर, छपरावर किंवा पाण्याच्या टाकीवर चढू नये. शिडीची दुसरी पायरी ही हद्द. ती ओलांडल्याचं टॅमसिनला कळलं, तर त्याच दिवशी माझा सगळा संग्रह, पांढऱ्यासकट, रेक्सकाकाच्या मालकीचा होईल आणि त्याचे दिवे होतील. काकाला मी तसं कळवलं आहे. "वाट बघतो," असं उत्तर आलं आहे.

शेवटचं कलम माझ्या स्वतःच्या काचेचं. टॅमसिन जन्मली तेव्हा बाबाने रेल्वेच्या गोदामातली कोरी, कधी खांबावर न चढलेली बिनरंगी काच अंगणाच्या कुंपणावर, आपल्याकडे ऊन ज्या बाजूने येतं त्या उत्तरेला, खुंटीवर बसवली. मी जन्मलो तेव्हा शेजारच्या खुंटीवर दुसरी. शाळेतून आलो की आम्ही दोघं कोणाची जास्त जांभळी झाली ते बघायचो. तिची नेहमी पुढे असायची. "मी आधी आले, माझं ऊन जास्त," म्हणायची. अठराव्या वर्षी मी घर सोडलं त्या सकाळी आपण दोघं अंगणात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी तू म्हणालास, "जा, आणि तुझी काचही घेऊन जा." मी ती फिरवून काढली आणि नेली. तेव्हापासून ती मोज्यात गुंडाळून माझ्या कपाटाच्या खणात आहे. टॅमसिनची आता पिकल्या जांभळासारखी झालीय, तिने फोटो पाठवला होता. माझी मी काढली तिथेच थांबली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. अंधारात ती पुढे जात नाही.

~~माझ्या मृत्यूनंतर सदर काच कुंपणावरच्या तिच्या मूळ खुंटीवर बसवावी आणि तिथून कधीही काढू नये.~~

हे कलम दोन्ही साक्षीदारांसमोर मी स्वतः खोडलं आहे, त्यात दुसऱ्या कोणाचा हात नाही. कारण असं झालं, की सही करण्याआधी स्वयंपाकघरातल्या ग्लेनिसबाईंनी हात पुसून सगळा कागद वाचला. काचेपाशी थांबल्या. म्हणाल्या, "का रे बाळा, मेल्याशिवाय बसवता येत नाही का ती?"

मी म्हटलं, "येते की."

"मग? तुझ्या खणात आहे ती. उन्हाची आठ वर्षं बुडाली तिची. आणि म्हाताऱ्याला दम कसला देतोस, त्याने चढू नये असं वाटतं तर त्याला वर न्यायची सोय कर."

बसवाले वॉरनकाका म्हणाले, "सही कुठे करायची तेवढं सांगा, शिफ्ट सुटेल, मला माणसं आणायला जायचंय."

बाकीचा मजकूर मी वाचला, मला समजला, तो बरोबर आहे.

सही: ब्रोडी गार्नेट डॉलविट्झ

आमच्या समक्ष, एकाच वेळी, एकाच टेबलावर सही केली:
१. ग्लेनिस हार्को, स्वयंपाकघर
२. वॉरन बिनी, बसचालक

स्थळ: कॅम्पचं जेवणघर, न्यूमन, पश्चिम ऑस्ट्रेलिया
दिनांक: १८ ऑगस्ट २०२४

ता. क. बाबा, वरचं सगळं मी मेल्यावरचं. हे आत्ताचं. सेमिसीचा मामेभाऊ पोर्ट ऑगस्टाला आहे, त्याच्याकडे विजेच्या तारांवर काम करायची गाडी आहे, जिचा पाळणा माणसाला घेऊन वर जातो. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तो ती घेऊन येईल. पाळण्यात दोघं मावतात. पट्टा बांधायचा, वाद घालायचा नाही. आजोबांच्या काचा तू तुझ्या हाताने फिरवून काढ, मी खोकं धरतो. सुट्टी मागितली आहे, मिळाली आहे. मोज्यातली काच बरोबर आणतोय, खुंटीला गंज चढला असेल तर तेवढा घासून ठेव, खाली उभा राहून. गाडीचं दोन दिवसांचं भाडं, ड्रायव्हर आणि डिझेल धरून, आज तुझ्या खात्यात पाठवतोय, तो आला की तू त्याला दे: एक हजार नऊशे चाळीस डॉलर.